विंडोज १० वरून ११ : ऑफिसातली चार मशीनं तयार आहेत का, कसं तपासायचं?

खतावणी

नमस्कार मंडळी. कर-सल्लागाराचं ऑफिस आहे, चार मशीनं, चारही विंडोज १० वर (२२एच२). १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला हे माहीत आहे. हार्डवेअरवाला म्हणतो, "चारही काढा, नवीन घ्या." तसं करण्याआधी मशीनवार कळायला हवंय : कोणतं खरंच ११ ला चालत नाही, कोणतं नुसतं सेटिंगमुळे अडलंय आणि कुठे एखादा पार्ट बदलून भागेल.

मशीन १ : असेंबल्ड, आय५-८४००, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, सी-डी-ई-एफ असे चार ड्राइव्ह. टॅलीप्राइम याच्यावर. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक (११ चालेल का ते तपासणारा प्रोग्रॅम) टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच बूट होऊ देणारी सोय) या दोन्हींवर फुली मारतो.

मशीन २ : आय३-७१००, एच११० बोर्ड, ४ जीबी. विंडोज १० आहे पण ३२ बिट, कारण एका पतसंस्थेच्या हिशेबाचा डॉसमधला जुना फॉक्सप्रो प्रोग्रॅम त्याच्यावर चालतो. टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स जोडलेला.

मशीन ३ : रायझन ३ २२००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबी, २४० जीबी एसएसडी. टीपीएम चालू दाखवतंय, तरी प्रोसेसरवर फुली. रायझन २००० सीरीज चालते असं सगळीकडे लिहिलंय, मग हे काय?

मशीन ४ : लॅपटॉप, आय५-८२५०यू, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी, विंडोज होम. हेल्थ चेकमध्ये सगळं हिरवं. जीएसटी रिटर्नसाठी डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन यालाच लावतो.

मराठी पत्रव्यवहार जुन्या फॉन्ट पॅकेजवर होतो, त्याचं यूएसबी लॉक (लायसन्सचं डोंगल) मशीन १ ला असतं. फॉरमॅट न करता, आहे तसं वर नेता आलं तर उत्तम.

---

निळा_पडदा

हेल्थ चेकचा ठळक अक्षरांतला निकाल सोडून द्या, खालचं 'सी ऑल रिझल्ट्स' उघडून ओळ न् ओळ वाचा. त्यात दोन जातीच्या फुल्या असतात. टीपीएम, सिक्युअर बूट, रॅम, डिस्कची जागा यांवरची फुली सेटिंगने किंवा थोड्या खर्चाने जाते. प्रोसेसरवरची फुली प्रोसेसर बदलल्याशिवाय जात नाही. म्हणून आधी फक्त प्रोसेसर बघायचा, बाकी नंतर.

इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे. तुमचे ८४०० आणि ८२५०यू दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत. ७१०० सातव्या पिढीचा, तो बाद. सातव्या पिढीतले काही मोजके अपवाद यादीत आहेत, पण ते महागड्या एक्स सीरीजचे आणि तसलेच, ऑफिसच्या असेंबल्ड मशीनमध्ये सापडणारे नव्हेत.

२२००जी हा नावाचा घोळ आहे. २००० सीरीज चालते ती झेन प्लसवाली (झेन ही एएमडीच्या प्रोसेसरची रचना, प्लस तिची सुधारित आवृत्ती) : २६००, २७०० वगैरे. २२००जी आणि २४००जी यांना नंबर २००० चा मिळाला, पण आतला गाभा पहिल्या झेनचा आहे आणि यादीत पहिला झेन नाही. ३२००जी मात्र झेन प्लस असल्यामुळे चालतो. म्हणजे २००० आणि ३००० सीरीजमध्ये जी लावलेल्या प्रोसेसरला एक पिढी मागे धरून वाचायचं.

मशीन ३ त्यामुळे सोपं आहे. बी४५० वर ३२००जी बसतो, बोर्डाच्या सपोर्ट यादीत असेल तर ५६००जी सुद्धा. पण क्रम चुकवू नका : आधी जुन्या प्रोसेसरवरच बोर्डाचं बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं, मग प्रोसेसर काढायचा. २०१८ च्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला तर फॅन फिरतो आणि पडदा काळाच राहतो, मग बायोस अपडेट करायला पुन्हा जुनाच प्रोसेसर शोधत बसा. अपडेट एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा त्यानंतरचं घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांत एएमडीच्या एफटीपीएममुळे (प्रोसेसरमध्येच असलेल्या टीपीएममुळे) मधेच क्षणभर मशीन अडखळायचं, आवाज तुटायचा. ते त्यात दुरुस्त झालंय.

प्रोसेसर बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना 'नवीन सीपीयू, एफटीपीएम रीसेट करायचं का' असा प्रश्न येईल. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) बंद असेल तर निर्धास्त वाय दाबा. चालू असेल तर प्रोसेसर काढण्याआधीच सस्पेंड करा, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल.

---

रिकामा_स्लॉट

मशीन २ बद्दल लिहितो, कारण इथे हमखास चुकीची खरेदी होते. एच११० चं सॉकेट ११५१ आणि आठव्या पिढीचं सॉकेटही ११५१, म्हणून लोक सेकंडहँड आय३-८१०० घेऊन येतात. बसतो तो, चालू होत नाही. आठव्या पिढीला ३०० सीरीजचा चिपसेट लागतो. म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदलायचे, आणि मग जुन्या बोर्डावरचं विंडोजचं ओईएम (मशीनसोबत आलेलं) लायसन्सही नव्यावर येत नाही. त्या मशीनवर पैसे घालू नका.

शिवाय तुमची खरी अडचण हार्डवेअरची नाहीच. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिटवरून ६४ वर 'आहे तसं वर' जाता येत नाही, कोरं इन्स्टॉलच करावं लागतं. आणि ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नसतो. तो फॉक्सप्रो प्रोग्रॅम खरंच १६ बिट आहे का, हे एका मिनिटात कळतं : प्रोग्रॅम चालू ठेवा, टास्क मॅनेजर उघडा, डीटेल्समध्ये एनटीव्हीडीएम नावाची प्रोसेस शोधा. दिसली, की हा प्रोग्रॅम ६४ बिटवर थेट उघडणार नाही. कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये कितीही खुणा केल्या तरी नाही.

---

डबलक्लिक

एवढं कशाला घाबरवताय? रजिस्ट्रीत एक की टाकली की सातव्या पिढीवरही ११ चढतं. पेनड्राइव्ह बनवतानाच टीपीएमची तपासणी काढून टाकणारी टूल्सही आहेत. २२००जी तर आरामात पळेल, प्रोसेसरचा खर्च वाचेल.

---

निळा_पडदा

चढतं, नाकारत नाही. पण हे ऑफिसचं मशीन आहे. यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. महिन्याचे अपडेट आले तरी वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती विंडोज अपडेटमधून आपोआप येत नाही, दर वेळी आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलेशनची फाइल) उतरवून तीच युक्ती परत करावी लागते. आणि जिथे युक्ती चालतच नाही अशी मशीनंही आहेत : विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना प्रोसेसरमध्ये नसतील तर विंडोज बूटच होत नाही, कोअर २ ड्युओवाली मशीनं तिथेच संपली. ७१०० आणि २२००जी मध्ये त्या आहेत, म्हणून ती चालतील; पण ज्या मशीनवरून पक्षकारांची रिटर्नं जातात तिथे मी हा मार्ग सुचवणार नाही. घरच्या पोरांच्या मशीनवर खुशाल करा.

३२००जी ला जे पैसे लागतील ते दर वर्षीच्या खटाटोपापेक्षा स्वस्त पडतील.

---

एसएमपीएस

मशीन १ घेतो. इथे प्रोसेसर पास आहे, फक्त मशीन जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये, इन्स्टॉल झालंय (नव्या पद्धतीला यूईएफआय म्हणतात).

खात्री करा : विंडोज आणि आर दाबा, एमएसइन्फो३२ टाका. 'बायोस मोड'समोर लेगसी आणि 'सिक्युअर बूट स्टेट'समोर अनसपोर्टेड दिसेल. अनसपोर्टेड वाचून बोर्डात सोयच नाही असं समजू नका. लेगसीत बूट झालेलं मशीन तसंच दाखवतं. एच३१० मध्ये सगळं आहे.

टीपीएमसाठी वेगळी चिप विकत घेऊ नका. इंटेलमध्ये ते पीटीटी नावाने बोर्डातच असतं. असूसवर अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशनखाली, एमएसआयवर सिक्युरिटीमध्ये ट्रस्टेड कॉम्प्युटिंगखाली, गिगाबाइटवर पेरिफेरल्स किंवा मिसलेनियसमध्ये. चालू करून विंडोजमध्ये टीपीएम डॉट एमएससी चालवा, खाली उजवीकडे 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' यायला हवं. १.२ आलं तर ते वेगळ्या जुन्या चिपचं आहे, बायोसमध्ये डिस्क्रीटऐवजी फर्मवेअर निवडा.

आता खरं काम : डिस्क पार्टिशनच्या जुन्या एमबीआर मांडणीवरून यूईएफआयला लागणाऱ्या नव्या जीपीटीवर न्यायची. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, डेटा जात नाही. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी फक्त तपासणी करा : एमबीआर२जीपीटी, स्पेस, स्लॅश व्हॅलिडेट, स्पेस, स्लॅश डिस्क कोलन ०, स्पेस, स्लॅश अलाउफुलओएस. 'व्हॅलिडेशन कम्प्लिटेड सक्सेसफुली' आलं तर पुढे बोलू. यात काहीही बदल होत नाही, बिनधास्त चालवा.

एक इशारा. बायोसमध्ये सीएसएम (लेगसी बूट होऊ देणारा पर्याय) आत्ता बंद करू नका. डिस्क जीपीटी झाल्याशिवाय सीएसएम बंद केलं की बूट डिस्क सापडत नाही आणि मशीन पुन्हा पुन्हा बायोसमध्ये शिरतं. झालंच तसं तर घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की पूर्ववत.

---

खतावणी

सगळ्यांचे आभार. मशीन २ वर एनटीव्हीडीएम दिसतंय, म्हणजे तो विषय मिटला.

मशीन १ : पीटीटी सापडलं, २.० दाखवतंय. पण व्हॅलिडेट नापास झालं, डिस्कच्या पार्टिशनच्या मांडणीबद्दल तक्रार करतंय. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सिस्टम रिझर्व्हड, सी आणि डी एका रांगेत निळ्या पट्टीचे आणि ई-एफ भोवती हिरवी चौकट आहे. सी २०० जीबीचा, त्यात १३० भरलेले.

मशीन ४ : आयएसओ उतरवून सेटअप चालवून बघितलं. 'काय ठेवायचं' या पानावर फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवायचा पर्याय फिका झालाय, निवडताच येत नाही. तिथेच रद्द केलं.

---

एसएमपीएस

ती हिरवी चौकट म्हणजे एक्स्टेंडेड पार्टिशन, ई आणि एफ त्यातले लॉजिकल ड्राइव्ह. एमबीआर२जीपीटीला लॉजिकल ड्राइव्ह अजिबात चालत नाही, आणि प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन. ई-एफ रिकामे करून उडवले तर तुमचं व्हॅलिडेट पास होईल, पण ते करू नका. त्या मशीनला तसंही एसएसडी हवीच आहे. विंडोज ११ च्या कागदोपत्री अटींत एसएसडी नाही, पण फिरत्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन येणं.

५०० जीबीची साटा एसएसडी घ्या, अडीच इंची. एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी) इथे मुद्दाम टाळतोय : क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) केल्यावर पहिलं बूट लेगसीतच होणार आणि बहुतेक बोर्डांवर एनव्हीएमई लेगसीत बूट होत नाही. साटाची एक डेटा केबल लागेल आणि पॉवर सप्लायला साटाचं एक तोंड मोकळं आहे का बघा.

क्लोनिंग करताना पूर्ण डिस्क नाही, फक्त सिस्टम रिझर्व्हड आणि सी एवढीच दोन पार्टिशनं नव्या एसएसडीवर न्या. डी-ई-एफ जुन्या डिस्कवर आहेत तिथेच राहू देत. जीपीटी फक्त बूट डिस्कला लागतं, डेटाची डिस्क एमबीआर राहिली तरी ११ ची हरकत नाही. तुमचा पार्टिशनचा सगळा गुंता असा बाजूला पडतो.

क्लोन झाला की मशीन बंद करून जुन्या हार्डडिस्कची केबल काढा. हे विसरू नका. दोन्ही डिस्कची सही एकच असते, दोन्ही जोडून चालू केलं तर विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं, आणि लेगसीत कोणत्या डिस्कवरून उठलंय तेही कळत नाही. एकटी एसएसडी लावून बूट करा. आता तीच डिस्क ०, व्हॅलिडेट पुन्हा चालवा. पास झालं की त्याच कमांडमध्ये व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. शेवटी 'फर्मवेअर यूईएफआय मोडवर न्या' असा संदेश येईल. रीएजंट डॉट एक्सएमएल अपडेट झालं नाही अशीही ओळ येऊ शकते. तेव्हा रीएजंटसी स्लॅश डिसेबल आणि मग रीएजंटसी स्लॅश एनेबल एवढं चालवा.

आता बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद, बूट यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला. मॉनिटर बोर्डावरच्या पोर्टला असेल तर काही प्रश्न नाही. वेगळं जुनं ग्राफिक्स कार्ड असेल आणि त्यात यूईएफआयचा ड्रायव्हर नसेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळा राहतो. ८४०० मध्ये ग्राफिक्स आहेच, कार्ड काढून टाका.

सिक्युअर बूट चालू करून एमएसइन्फो३२ मध्ये 'ऑन' येतं का बघा. बायोसमध्ये चालू आणि विंडोजमध्ये ऑफ दिसत असेल तर आत किल्ल्या भरलेल्या नाहीत : 'इन्स्टॉल डिफॉल्ट कीज' किंवा 'रिस्टोअर फॅक्टरी कीज' असा पर्याय तिथेच असतो. खरं तर ११ च्या अटीप्रमाणे सिक्युअर बूटची सोय असली तरी पुरतं, ते चालूच हवं असं नाही. टीपीएम मात्र चालू लागतं.

सगळं नीट चाललं की हार्डडिस्क परत जोडा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हची अक्षरं आधीसारखी डी-ई-एफ करून घ्या, नाहीतर टॅलीच्या डेटाचा मार्ग चुकेल. जुना सी ड्राइव्ह लगेच उडवू नका, महिनाभर राहू दे. फक्त त्याचं अक्षर काढून टाका.

---

जमाखर्च

वरच्यात टॅलीचं राहिलं. लायसन्स मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली की कुरकुर करू शकतं. क्लोन करण्याआधी एफ१ हेल्पमधून सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर असं करून घ्या आणि नव्या डिस्कवर रिअ‍ॅक्टिव्हेट करा. त्यासाठी टॅली अ‍ॅडमिनचा ईमेल आणि पासवर्ड लागतो. बऱ्याच ऑफिसांत तो ज्या पार्टनरने टॅली विकलं त्याच्याच ईमेलवर असतो. आधी तेवढं तपासा, मग स्क्रूड्रायव्हर हातात घ्या.

फॉन्ट पॅकेजच्या लॉककडेही बघा. फॉन्ट अपग्रेडमध्ये जात नाहीत, लॉकचा ड्रायव्हर अडवतो. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे मेमरी इंटिग्रिटी चालू करून बघा. जुने ड्रायव्हर असतील तर ती चालू होत नाही आणि कोणते ते नावानिशी दाखवते. लॉकवाल्या ड्रायव्हरची फाइल त्या यादीत आली तर पॅकेजवाल्याकडून नवा ड्रायव्हर घ्या, जुना काढा, आणि अपग्रेड चालू असताना लॉक मशीनला लावूच नका. नवा ड्रायव्हर मिळत नसेल तर मेमरी इंटिग्रिटी बंद ठेवूनही ११ चालतं, पण मग तो जुना ड्रायव्हर एखाद्या अपडेटनंतर बंद पडेल ही शक्यता धरून चाला, आणि जुनी पत्रं युनिकोडमध्ये बदलायला घ्या.

---

निळा_पडदा

मशीन ४ चा फिका पर्याय : ९९ टक्के भाषा जुळत नाही. लॅपटॉपवर मूळ विंडोज 'इंग्लिश यूएस'चं असेल आणि तुम्ही 'इंग्लिश इंटरनॅशनल'ची आयएसओ उतरवली असेल, किंवा उलट. भारतात विकलेल्या मशीनवर दोन्ही सापडतात, आणि सेटिंग्जमध्ये दिसणारी 'इंग्लिश इंडिया' ही तारीख-चलनाची पद्धत असते, मूळ भाषा नव्हे. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये डिझम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश गेट-इंटल चालवा. 'डिफॉल्ट सिस्टम यूआय लँग्वेज'समोर ईएन-यूएस असेल तर यूएसची आयएसओ, ईएन-जीबी असेल तर इंटरनॅशनलची.

भाषा जुळूनही फिका राहिला तर एडिशन बघा, होमवर होमच.

आणि खरं अपग्रेड करण्याआधी नुसती चाचणी करता येते, ती चारही मशीनसाठी हेल्थ चेकपेक्षा जास्त विश्वासाची. हेल्थ चेक फक्त हार्डवेअर बघतो, सेटअप ड्रायव्हर आणि प्रोग्रॅमही बघतो. आयएसओवर डबलक्लिक करून ती माउंट करा, तिच्या ड्राइव्हवर जाऊन कमांड प्रॉम्प्टमधून : स्टार्ट स्लॅश वेट, सेटअप, स्लॅश ऑटो अपग्रेड, स्लॅश क्वाएट, स्लॅश कॉम्पॅट स्कॅनओन्ली, स्लॅश यूला अ‍ॅक्सेप्ट. पडद्यावर काही दिसत नाही. संपल्यावर एररलेव्हल छापून बघा :

उणे १०४७५२६८९६ : काही अडचण नाही.
उणे १०४७५२६९०४ : एखादा प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर अडवतोय.
उणे १०४७५२६९१२ : मशीन किमान अटींत बसत नाही.
उणे १०४७५२६८९८ : जागा कमी.

दुसरा आकडा आला तर सी ड्राइव्हवरच्या लपलेल्या डॉलर-विंडोज डॉट टिल्ड बीटी फोल्डरमध्ये सोर्सेस, त्यात पँथर, त्यात कॉम्पॅटडेटा नावाची एक्सएमएल फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडून 'हार्ड' शब्द शोधा, त्या ओळीत अडवणाऱ्याचं नाव असतं.

---

रिकामा_स्लॉट

लॅपटॉपसाठी दोन गोष्टी. होममध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बहुधा चालू असतं आणि मालकाला पत्ता नसतो. सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साइटवर डिव्हाइसेसखाली आहे का तपासा आणि कागदावर लिहून ठेवा. ज्या अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्यात ती असते, आत्ता वापरताय त्यात असेलच असं नाही. सेटअप स्वतः एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवतो, पण बायोस अपडेट करायचं असेल तर ते तुम्हालाच हाताने सस्पेंड करावं लागतं.

दुसरं, 'सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असं म्हणून सेटअप थांबलं तर १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन भरलंय. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमधून माउंटव्हॉल वाय कोलन स्लॅश एस करून ते उघडा, ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स या फोल्डरमधल्या फाइल्स उडवा. त्या बूट मेनूच्या भाषांच्या आहेत, गेल्या तरी बिघडत नाही. बाकी कशाला हात लावू नका.

सी वर २५-३० जीबी मोकळे ठेवा. जुनं विंडोज, विंडोज डॉट ओल्ड नावाने, १० दिवस राहतं, तोवर सेटिंग्जमधून मागे जाता येतं. तुमचं काम महिन्याच्या चक्रात चालतं, १० दिवसांत सगळं तपासून होणार नाही. अपग्रेड झाल्या झाल्या डिझमने ती मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवा : डिझम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो, स्लॅश व्हॅल्यू कोलन ६०. आणि त्या काळात डिस्क क्लीनअप चालवू नका, त्यातून तोच फोल्डर उडू शकतो.

---

खतावणी

डिझमने ईएन-जीबी दाखवलं, मी यूएसची आयएसओ उतरवली होती. इंटरनॅशनलची उतरवल्यावर पर्याय उजळला, आणि स्कॅनचा आकडा ६८९६ नेच संपतोय. की पण सापडली, भागीदाराच्या अकाउंटमध्ये होती.

मशीन २ चं काय करू? ते असंच चालू ठेवलं तर चालेल का? आणि सिक्युअर बूटच्या सर्टिफिकेटची मुदत संपते असं काहीतरी वाचलं, ते या मशीनना लागू आहे का?

---

एसएमपीएस

सर्टिफिकेटचं खरं आहे. २०११ ची मायक्रोसॉफ्टची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून संपू लागतात, विंडोजच्या बूट लोडरचं ऑक्टोबर २०२६ ला. मशीन त्या दिवशी बंद पडत नाही. नवी २०२३ ची सर्टिफिकेटं आत आलेली नसतील तर बूटच्या भागाचे पुढचे सुरक्षा अपडेट लागत नाहीत, एवढंच. ती विंडोज अपडेटमधून येतात. म्हणून मशीन १ आणि ३ वर सिक्युअर बूट चालू केल्यावर बोर्डाचं सगळ्यात नवं बायोस आणि विंडोजचे सगळे अपडेट एकदा पूर्ण करून घ्या.

---

रिकामा_स्लॉट

मशीन २ नेटपासून तोडा. केबल काढा, वायफायचं डोंगल असेल तर काढा, आणि फक्त त्या प्रोग्रॅमपुरतं वापरा. पेनड्राइव्हने डेटा नेत-आणत असाल तर तो आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन करून.

जोडलेलंच ठेवायचं असेल तर विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट आहेत. घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत : मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. डोमेनला जोडलेल्या मशीनला ती मिळत नाही. धंद्याच्या मशीनसाठी वेगळी योजना, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. ४ जीबीच्या सातव्या पिढीच्या मशीनवर हे पैसे घालण्यात अर्थ नाही.

पुढची सोय म्हणून फॉक्सप्रोचं फोल्डर मशीन १ वर कॉपी करून व्हीडॉसमध्ये चालवून बघा. ते ६४ बिटवर डॉसचे प्रोग्रॅम चालवायलाच आहे. दोन गोष्टी तपासा : प्रिंटिंग आणि फाइल लॉकिंग. एकाच मशीनवर एकच जण वापरत असेल तर लॉकिंगचा प्रश्न येत नाही. प्रिंटिंगला मात्र वेळ लागेल, कारण जुना प्रोग्रॅम थेट एलपीटी१ वर (जुन्या प्रिंटर पोर्टवर) लिहितो आणि टीव्हीएसचा प्रिंटर कदाचित यूएसबीवर असेल. खातेउताऱ्याची शंभर ओळींची एक मोठी प्रिंट काढून पान कुठे तुटतं ते बघा, छोट्या पावतीवरून कळत नाही.

---

जमाखर्च

क्रम सुचवतो : आधी लॅपटॉप, कारण तिथे हार्डवेअरला हात लावायचा नाही आणि मागे जाणं सोपं. मग मशीन ३, शेवटी टॅलीवालं मशीन १. जीएसटी रिटर्नच्या मुदती असतात म्हणून महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास काहीही करू नका, तिमाहीवाल्या पक्षकारांची २२ सुद्धा धरा. २३ नंतरचा शनिवार घ्या.

लॅपटॉप वर गेला की डीएससीच्या टोकनचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवा टाका, एमसायनर (पोर्टलवर डिजिटल सही करायचा प्रोग्रॅम) पुन्हा इन्स्टॉल करा. टोकनमधलं सर्टिफिकेट अपग्रेडने जात नाही, ते टोकनमध्येच असतं. दिसत नसेल तर ड्रायव्हरच बघायचा; पिन पुन्हा पुन्हा टाकून बघू नका, ठरावीक वेळा चुकली की टोकन लॉक होतं आणि नवीन डीएससी काढावी लागते. पहिली चाचणी रिटर्न भरून नको. पोर्टलवर लॉगिन करून 'रजिस्टर डीएससी'च्या पानावर सर्टिफिकेटचं नाव उमटतंय का एवढं बघा आणि तिथूनच बाहेर या.